फळीत न मावलेला ‘त’

माघ सरत आला की उदगीरच्या हवेत डाळीची धूळ उतरते. मोंढ्यात नवी तूर आलेली असते, दालमिला दिवसभर धडधडत असतात आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीला संध्याकाळपर्यंत पिवळट झाक येते. रस्त्याच्या कडेला बाया हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसतात. ऊन अजून चावत नाही, पण चावणार आहे एवढं सांगून जातं. आणि मला परीक्षेची धास्ती भरते. अहो, मी निवृत्त झालेली बाई! आयुष्यभर मुखेडच्या शाळेत शिकवलं, पेपर तपासले, कॉप्या पकडल्या. तरी या दिवसांत पहाटे दचकून जाग येते ती हेच वाटून, की आज भूमितीचा पेपर आहे आणि आपलं काही म्हणता काही झालेलं नाही.

यंदा ती धास्ती जरा मोठी होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं जुनं वाचनालय वाढवायचं काम निघालं होतं. दगडी कमानीची पुढची इमारत तशीच ठेवून, तिचं गळकं छत दुरुस्त करून, मागे दोन मजली नवी इमारत जोडायची. मिक्सरची घरघर, दालमिलची धडधड आणि मधूनच सळ्या कापल्याचा कर्कश आवाज, असं सगळं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलं होतं. शेजारणी वैतागल्या. मला मात्र बरं वाटायचं. सकाळी चहाचा कप घेऊन मी गच्चीवर जायची आणि काल कुठवर आलं, आज कुठवर जाईल ते बघत उभी राहायची. ओली पोती गुंडाळलेले खांब उभे होते. पुस्तकं पुढच्या दिवाणखान्यात तुरीच्या रिकाम्या पोत्यांत भरून थप्पी लावून ठेवली होती. एकदा मी सहज एका पोत्याला नाक लावलं, तर कादंबऱ्यांना नव्या तुरीचा वास.

बांधकाम समितीवर एक महिला हवी म्हणून मला घेतलं होतं. मी घराजवळ राहते, रिकामी आहे, पेन्शनर आहे, असा साधा हिशोब. मला गप्प बसवणं अवघड जातं हे अध्यक्षांना तेव्हा माहीत नव्हतं.

नकाशा माझ्यासमोर पहिल्यांदा टेबलावर पसरला तेव्हा सगळे खूश होते. लातूरहून आलेला तरुण इंजिनिअर, स्वप्नील त्याचं नाव, पेन्सिलीनं दाखवत होता. इथं बालविभाग, इथं संगणक, वर अभ्यासिका. पोरगा हुशार, बोलायला गोड. मी चष्मा नीट करून नकाशाच्या मागच्या बाजूला बघितलं. तिथं एका लांबट चौकोनावर फुली मारून लिहिलं होतं, ‘जुनी ओसरी, पाडणे’. तिच्या जागी जिना आणि स्वच्छतागृह.

“आणि ओसरीतल्या पोरी?” मी विचारलं.

“त्या वर बसतील की, मॅडम. अभ्यासिकेत. प्रत्येकीला केबिन, चार्जिंगचा पॉइंट, एसी. पूर्ण सायलेंट. लातूरला बघा तुम्ही, टाचणी पडली तरी ऐकू येते.”

“आमच्या पोरी टाचण्या पाडायला येत नाहीत रे बाबा. त्या मोठ्यानं वाचायला येतात.”

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. लोकांना नेहमी तसंच वाटतं, आणि मग त्यांना उशिरा कळतं.

या ओसरीबद्दल सांगायचं तर मला दहावीच्या त्या उन्हाळ्यात जावं लागेल. उन्हाळा तरी कसला, हेच दिवस, हीच डाळीची धूळ. आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचं छप्पर. आबा दालमिलमध्ये कामाला होते, त्यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या असायच्या. दादाला नुकतंच लेकरू झालेलं. आणि माझी खोड अशी, की मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरायचं नाही. मनातल्या मनात वाचलं की ओळी डोळ्यांपुढून नुसत्या निघून जायच्या. तोंडानं म्हटलं, फेऱ्या मारल्या, हात हलवले, की कुठंतरी बसायच्या. मी तोंड उघडलं रे उघडलं की वैनी आतून, “हळू वाच की गं, लेकरू उठंल!” मग माय, “अगं शांते, उठलं ना ते!” मग लेकराचं भोकाड. त्या लेकराची झोप म्हणजे काय सांगू, चिमणी उडाली तरी मोडायची.

आमच्या वस्तीत शिकण्याचं महत्त्व कुणाला सांगावं लागायचं नाही. जयंतीला मंडपात प्रत्येक भाषणात तेच. विहारात तेच. आबाही मान हलवून हलवून ऐकायचे. पण भाषण संपून सगळे घरी आले की घर तेवढंच असायचं, एक खोली. पोरीनं शिकावं हे सगळ्यांना मान्य होतं, पण ते बिनआवाजाचं शिकावं. आबांनी एकदाच सांगितलेलं, रागानं नाही, थकून. “यंदा दहावी सुटलीस तर पुढं शिकिवतो. न्हाई सुटलीस तर मग घरी बस बाई, माझ्यानं दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं.” मला आबांचा राग आला नाही. मला त्या लेकराचा आला.

म्हणून मी वाचनालयात जायला लागले. तिथले ग्रंथपाल अण्णा. घरी कन्नड, बाजारात मराठी, आणि चिडले की दोन्ही. उंच, काळेसावळे, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांचा आवाज एवढा मोठा की ‘आवाज करू नका’ हे ते जेवढ्या मोठ्यानं सांगत तेवढा आवाज अख्ख्या दिवाणखान्यात दुसऱ्या कुणाचा नसायचा. परीक्षेच्या दिवसांत पोरं वाढली म्हणून त्यांनी पाटी करून घ्यायचं ठरवलं. सोपान पेंटरला बोलावलं. सोपान पेंटर म्हणजे मोंढ्यातल्या अडत दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे मोर आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा गडी. त्याला अण्णांनी जुन्या कपाटाची एक फळी दिली आणि सांगितलं, ‘शांतता राखा’ लिही, झोकात लिही.

सोपाननं झोकातच लिहिलं. पहिला ‘शां’ एवढा मोठा, वळणदार, त्याला लाल रंगाची सावली, वर अनुस्वाराचा टपोरा ठिपका. ‘राखा’ शेवटी यायला हवं म्हणून ते त्यानं आधीच उजवीकडे लिहून घेतलेलं. मग मधली जागा बघितली तर दोन ‘त’ काही बसेनात.

अण्णा पाटी बघून ओरडले, “एन माडिदी, सोपान? हे काय केलास बे तू? दुसरा ‘त’ कुठाय?”

सोपान ब्रश पुसत शांतपणे म्हणाला, “फळी कमी पडली, अण्णा. दोन ‘त’ मावत न्हाईत. एकातच भागिवलंय. तसं बी अर्थ कळतोच की.”

आणि दिवाणखान्यात, ऐन भिंतीवर, लाल सावलीच्या अक्षरांत पाटी लागली. ‘शांता राखा’.

नवी फळी मिळेपर्यंत राहू दे, असं ठरलं. नवी फळी कधी मिळाली नाही. माझं जे काय झालं ते विचारू नका. वर्गातली पोरं मला बघितलं की म्हणायची, “राखा रे राखा!” मी तेव्हा रडले नाही, मी त्यांच्यातल्या एकाची वही विहिरीत टाकली.

पण त्या पाटीनंच मला जागा मिळवून दिली. झालं असं. मी कोपऱ्यातल्या बाकावर ओठ हलवत वाचायची. ओठांचं पुटपुटणं झालं, पुटपुटण्याचा आवाज झाला, आणि भूगोलातल्या नद्यांपर्यंत येईस्तोवर मी चक्क म्हणत होते. समोर एक कोटवाले गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि पाटीकडे बोट करून म्हणाले, “मुली, तुला वाचता येतं ना? तिथं काय लिहिलंय बघ जरा.”

मी बघितलं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “येतं की, काका. ‘शांता राखा’ लिहिलंय. मी शांताच आहे.”

मग कुठंतरी एकाला हसू फुटलं आणि सगळा दिवाणखाना हसायला लागला. कोटवालेसुद्धा हसले, पेपरमागे. अण्णा उठून माझ्याकडे आले. मला वाटलं, संपलं, आता काढतात बाहेर. ते म्हणाले, “बा इकडं.” कन्नडमधला ‘बा’ म्हणजे ‘ये’. त्यांनी मला मागच्या दारानं नेलं, कडी काढली. पलीकडे लांबट ओसरी होती, दगडी फरशीची, एका बाजूनं मोकळी. जुने पेपर, मोडक्या खुर्च्या, एक घडवंची.

“इथं बोंबल,” अण्णा म्हणाले. “किती बोंबलायचं तितकं बोंबल. बोर्डावर लिहिलंय, म्या काय करू? शांता राखावंच लागतंय.”

त्या ओसरीचा वास मला आजही येतो. जुन्या कागदाचा, चुन्याचा आणि बाहेरून येणाऱ्या डाळीचा. दुपारी उन्हाची एक पट्टी फरशीवरून सरकत जायची आणि मी तिच्या पुढे पुढे फेऱ्या मारत सनावळ्या म्हणायची. कबुतरं बघत बसायची. पहिल्यांदा मी पूर्ण आवाजात एक प्रमेय म्हटलं तेव्हा माझाच आवाज दगडावरून परत माझ्याकडे आला, आणि मला इतका आनंद झाला की मी ते प्रमेय उगाच परत म्हटलं. आपला आवाज असा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. घरात तो कधी पूर्ण बाहेर आलाच नव्हता.

अण्णांनी एक मात्र केलं. दिवाणखाना आणि ओसरी यांच्यामध्ये मोठी खिडकी होती. जुन्या पेपरांचे गठ्ठे त्यांनी त्या खिडकीला लावून रचायला सुरुवात केली. रोज थोडे. पार वरपर्यंत. मला वाटायचं, पोरगी एकटी बसते, कुणी टकमक बघू नये म्हणून आडोसा करतात. मनातून मला ते आवडलं होतं.

मी सुटले. फार मार्क पडले असं नाही, पण सुटले. आबांनी दालमिलमध्ये पेढे वाटले आणि शब्द पाळला. पुढच्या वर्षी ओसरीत आणखी मुली आल्या, ज्यांची घरं आमच्यासारखीच होती. मग त्यांच्या बहिणी. बारावीच्या, डीएडच्या, नर्सिंगच्या. पाटी पुढं कधीतरी काढली गेली, तिच्या जागी छापील पत्र्याची आली, दोन्ही ‘त’ जागच्या जागी असलेली. अण्णा गेले. सोपान पेंटर गेला. आणि मला गप्प बसवणारं ते लेकरू आता टक्कल पडलेला बाप्या झालाय. तो मोबाइलवर एवढ्या मोठ्यानं बोलतो की मी त्याला म्हणते, “हळू बोल रे, शेजारचं लेकरू उठंल.” त्याला यातलं काही कळत नाही.

तर, ती ओसरी. नकाशावरची फुली बघून आल्यावर मी तिथं गेले. कितीतरी वर्षांनी गेले असेन. बाहेर सळ्या पडलेल्या, सिमेंटची पोती, आणि आत दहा-पंधरा मुली फेऱ्या मारत, भिंतीला टेकून, डोळे मिटून, सगळ्या एकदम मोठ्यानं म्हणत होत्या. एकीची जीवशास्त्राची व्याख्या दुसरीच्या अर्थशास्त्रात घुसत होती आणि कुणाचंही काही बिघडत नव्हतं. मी दारातच उभी राहिले.

त्यातली एक मुलगी जरा वेगळं म्हणत होती. “घोडा, घोड्याने, घोड्याला. घोडा, घोड्याने, घोड्याला.” हातात मराठी व्याकरणाचं पुस्तक. नाव मुस्कान. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, आता पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे ग्राउंडवर पळायची आणि दुपारी इथं यायची. पळण्यात ती कुणाला ऐकत नव्हती, पण लेखी परीक्षा मराठीत.

“मनात का नाही वाचत?” मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, पण तिचं ऐकायचं होतं.

“मनात वाचलं की सगळं उर्दूतच ऐकू येतंय, मॅडम. तोंडानं वाचलं की मग मराठी होतंय. घरी अब्बूंना टीव्ही लागतो. आणि नव्या केबिनमधी तर श्वास पण हळू घ्यावा लागंल म्हणतेत.” मग जरा थांबून ती म्हणाली, “शांताची ओसरी पाडणार म्हणतेत. खरंय का, मॅडम?”

मी चमकले. “कुणाची ओसरी?”

“शांताची. सगळे असंच म्हणतेत हिला.”

“आणि ही शांता कोण?”

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, कुणीतरी दानशूर बाई होत्या, त्यांनी जागा दिली. दुसरी म्हणाली, छे, स्वातंत्र्यसैनिक होत्या. मुस्काननं विचार करून सांगितलं, “पण वारल्या त्या. लई वर्सं झाली.”

मला सगळे कांबळे मॅडम म्हणूनच ओळखतात. आपल्याच मरणाची बातमी माणसाला आयुष्यात एकदाच ऐकायला मिळते, ती शांतपणे ऐकून घ्यावी. हसू दाबत मी घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. परीक्षा तोंडावर आलेली. ओसरी गेली तर या पोरी जाणार कुठं? मला तेव्हा एका पाटीनं वाचवलं, यांना कोण वाचवणार?

पुढच्या बैठकीत मी सांगून टाकलं. मोठ्यानं वाचायची खोली असल्याशिवाय ओसरीला हात लावायचा नाही. आधी खोली, मग ओसरी.

अध्यक्ष म्हणाले, “कांबळे मॅडम, वाचनालयात मोठ्यानं? जगात कुठं आहे असं?”

“जगाचं मला माहीत नाही. उदगीरात आहे. तुमच्या मागच्या दाराला.”

स्वप्नीलनं कपाळ चोळलं. तो वाईट नव्हता, त्याला खरंच अडचण दिसत होती. “मॅडम, जिन्याशेजारी एक खोली निघू शकते. पण तिच्या पलीकडं लगेच वाचन हॉल आहे. आवाज जाणारच. मग हॉलमधले तक्रार करतील आणि महिन्याभरात खोलीला कुलूप लागेल. बांधून काय उपयोग?”

“करून बघू,” मी म्हटलं.

मग आम्ही सगळे त्या अर्धवट इमारतीत गेलो. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता, वरून पाणी ठिबकत होतं. मी मुस्कानला आणि तिच्या मैत्रिणींना त्या खोलीत उभं केलं आणि म्हटलं, नेहमीसारखं वाचा. आम्ही पलीकडे हॉलमध्ये थांबलो. लगेच भिंतीतून खणखणीत आवाज आला, “घोडा, घोड्याने, घोड्याला!” अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच ते. एकेक अक्षर ऐकू येत होतं, घोड्याच्या टापांसकट.

“बघा,” स्वप्नील हळूच म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी बघितलं.

मी हरले असं वाटलं. तिथंच वाळूच्या ढिगाशेजारी उभी राहून मी त्या कोऱ्या विटांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आमची ओसरी तर एका खिडकीपलीकडे होती. तिथं मी गळा काढून बोंबलत होते. कोटवाले पलीकडेच पेपर वाचत बसायचे आणि परत कधी उठून आले नाहीत. का नाही आले? आणि एकदम डोळ्यांपुढे अण्णा आले, पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून, खिडकीशी. रोज थोडे. पार वरपर्यंत. अहो, ते आडोसा करत नव्हते! माझा आवाज अडवत होते. मला गप्प बसायला न सांगता, माझ्या आणि त्या सगळ्यांच्या मध्ये त्यांनी कागदाची भिंत रचली होती. आणि मी मेली एवढी वर्षं समजत राहिले की ते लोकांच्या नजरा अडवतायत.

“स्वप्नील,” मी म्हटलं, “तुमचं पुस्तकांचं कोठार कुठं आहे नकाशात?”

“त्या टोकाला, मॅडम. ऑफिसशेजारी.”

“ते मध्ये आण. हॉल, मग पुस्तकं, मग ही खोली. कपाटं छतापर्यंत, गच्च भरलेली.”

तो नकाशा वाळूवर पसरून गुडघ्यांवर बसला, पेन्सिल कानामागून काढली. बराच वेळ रेघा मारत होता. मग वर बघून म्हणाला, “बसतंय, मॅडम.” त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा गणित सुटल्यावर माझ्या वर्गातल्या पोरांच्या चेहऱ्यावर असायचा. “पुस्तकं आवाज खातात. मला सुचायला पाहिजे होतं.”

त्यानंतर काम पळायला लागलं. मीही पळाले त्याच्यामागे, गवंड्यांना चहा दे, कपाटवाल्याला फोन कर, स्वप्नीलचं डोकं खा. होळीच्या आधी खोलीला गिलावा झाला. रंग नव्हता, दाराला कडी नव्हती, पण पंखा फिरत होता. मधल्या कोठारात कपाटं उभी राहिली आणि तुरीच्या पोत्यांतून पुस्तकं बाहेर निघून त्यांत चढली. मुलींनीच चढवली, हातोहात. एक मुलगी प्रत्येक पुस्तक झटकायची आणि शिंकायची. मग परत एकदा मुस्कान आत आणि आम्ही हॉलमध्ये. कान टवकारून उभे. घोडा आला, पण लांबून, कुणीतरी पलीकडच्या गल्लीत म्हणावं तसा. अध्यक्षांनी खुर्ची ओढली, पेपर उघडला आणि वाचायला लागले. चांगले बराच वेळ वाचत बसले. त्यांनी पान उलटलं तेव्हा मला कळलं, जमलं.

मग ओसरी पाडायला मी हो म्हटलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण ज्या जागेनं मला आवाज दिला ती जागा आता नुसती पलीकडच्या खोलीत सरकत होती, आणि तिथं पंखा होता. आमच्या वेळी पंखा कुठला?

पाडताना ओसरीच्या माळ्यावरून धुळीचा लोट खाली आला आणि त्याच्यासोबत एक फळी धाडकन फरशीवर पडली. माळ्यावर सामान ठेवायला कुणीतरी ती आडवी टाकली होती, अक्षरं वर करून, म्हणून खालून कधी कुणाला दिसली नाही. मी ओळखलं. पण माझ्याआधी मुस्कान पुढे झाली. तिनं ओढणीच्या टोकानं धूळ पुसली. आधी लाल सावली दिसली, मग तो टपोरा अनुस्वार.

“शां… ता… राखा.” ती थबकली. परत वाचलं. कपाळाला आठी पडली. “मॅडम, इथं एक ‘त’ गळालाय. ‘शांतता’ पाहिजे.”

उर्दू शाळेतून आलेली पोर! जिला मनातल्या मनात मराठी ऐकूसुद्धा येत नव्हती, तिनं धुळीतून गळालेला ‘त’ पकडला होता. मला तिला तिथल्या तिथे कडेवर घ्यावंसं वाटलं, भरतीसाठी छाती फुगवून पळणाऱ्या त्या ताडमाड पोरीला.

“दुरुस्त करू का, मॅडम? रंग हाय तिथं.”

“नको गं,” मी म्हटलं. “फळी कमी पडली होती.” आणि मग मी सगळं सांगितलं. सोपान पेंटर, अण्णा, कोटवाले काका, पेपरांचे गठ्ठे. मुली भोवती गोळा झाल्या. स्वप्नीलही येऊन उभा राहिला, केसांत धूळ, हातात टेप.

मुस्कान डोळे विस्फारून म्हणाली, “म्हणजे शांता तुम्ही? पण तुम्ही तर वारल्या होत्या ना?”

“अगं, मी साधी आजारीसुद्धा पडले नव्हते!”

हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. स्वप्नीलनं न सांगता खिळे आणले. नव्या खोलीच्या दारावर फळी धरली आणि विचारलं, “मॅडम, सरळ आहे का?” मी म्हटलं, जरा डावीकडून वर घे. हातोड्याचे ठोके खोलीत घुमले. आत मुलींनी आपापल्या जागा घेतल्या होत्या, एकीनं वाचायला सुरुवातही केली होती.

मुस्कान मात्र अजून दारात उभी राहून पाटी बघत होती. ओठ हलत होते.

“काय गं?”

“वाक्य बरोबर हाय, मॅडम. नुसता ‘ला’ पाहिजे होता. ‘शांताला राखा.’ कर्म माणूस असलं की ‘ला’ लागतो. पण त्याला बी फळीवर जागा नसंल.”

माझ्यातली मास्तरीण कुठली गप्प बसायला. “आणि राखा?”

“क्रियापद. आज्ञार्थ.”

“मग कर्ता कुठाय?”

तिनं पाटी पुन्हा एकदा बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळून आमच्याकडे बघितलं, माझ्याकडे, हातोडा धरलेल्या स्वप्नीलकडे, मागे येऊन उभ्या राहिलेल्या अध्यक्षांकडे. आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“कर्ता अध्याहृत हाय, मॅडम. तुम्ही सगळे.”